आखडलेल्या बोटांची भाषा

माझ्या जन्माची पहिली तक्रार शेजाऱ्यांनी केली. आमचे आईबाबा दोघंही लहानपणापासून बहिरे. त्यामुळे मी कितीही गळा काढला तरी घरात कोणी ढिम्म हलत नसे, आणि भिंतीपलीकडच्या माणसांच्या मात्र झोपेचं खोबरं होई. शेवटी ती कामगिरी ताईवर आली. ती तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. मी रडलो की तिनं धावत जाऊन आईचा खांदा हलवायचा. शेजारच्या काकूंनी माझं नाव ‘भोंगा’ ठेवलं ते ठेवलंच. पुढे मला विमानतळावर सूचना सांगण्याची नोकरी लागली, तेव्हा काकू सगळ्यांना सांगत सुटल्या की बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, याचा गळा दिसला होता.

पण ही गोष्ट माझी नाही, ताईची आहे. माझा तिच्यातला वाटा आवाजापुरता.

आम्ही दोघं भावंडं ऐकणारी, पण घरची भाषा हातांची. बोलायला आम्ही शेजारीपाजारी आणि रेडिओवर शिकलो. घराचं तोंड म्हणजे ताई. घरमालक आला की ती पुढे, दवाखान्यात ती पुढे, बँकेच्या खिडकीशी टाचा उंचावून तीच उभी. एकदा बाबांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी सगळे धोके तिला समजावले आणि तिनं ते बाबांना हातांनी सांगितले. ती तेव्हा चौथीत होती. बाबांनी तिला विचारलं, तुला भीती वाटते का. तिनं तेही डॉक्टरांना भाषांतर करून सांगितलं. आपल्याला विचारलेला प्रश्नसुद्धा दुसऱ्याचाच समजायची सवय तिला तेव्हापासून लागली, असं मला वाटतं.

ताई पुढे कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायला लागली. चांगली नोकरी, मुलांमध्ये मान, सगळं सुरळीत. पीएचडीचं खूळ तिच्या डोक्यात चाळिशीनंतर शिरलं, आणि ते मावशीमुळे.

मावशी आईची थोरली बहीण. तीही बहिरी. सगळं आयुष्य तिनं छापखान्यात मशीनवर काढलं, लग्न केलं नाही, स्वतःच्या दोन खोल्यांत राणीसारखी राहिली. संधिवातानं तिची बोटं हळूहळू वाकडी होत गेली. अंगठा उघडेना, करंगळी सरळ होईना. मग एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरून पडली, आणि दवाखान्यात नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी खुब्याबरोबर डोकंही तपासायचं ठरवलं. बहिऱ्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती पाहण्यासाठी एक चाचणी असते. चित्रं दाखवतात, नावं विचारतात, एक छोटी गोष्ट सांगून ती परत सांगायला लावतात. मावशीनं हातांनी उत्तरं दिली. दुभाषी म्हणून एक तरुण मुलगी होती, नुकती शिकून आलेली, स्वभावानं गोड. तिला जेवढं कळलं तेवढं तिनं प्रामाणिकपणे लिहून दिलं. डॉक्टरांनी त्यावरून निदान केलं: स्मृतिभ्रंश, बराच पुढे गेलेला.

आईनं ते ऐकलं, म्हणजे ताईच्या हातांवर पाहिलं, आणि तिचा विश्वासच बसेना. ती म्हणाली, “हिला विस्मरण? लहानपणी मी हिचा निळा फ्रॉक फाडला होता, ते अजून महिन्यातून एकदा काढते.”

पण कागदावर लागलेला शिक्का आईच्या म्हणण्यानं पुसला जाईना. एकटीनं राहायचं नाही, सही चालायची नाही, स्वतःच्या खोल्यांची किल्लीसुद्धा जवळ ठेवायची नाही. मावशी आमच्या आईकडे राहायला आली. दोघी बहिणी दिवसभर स्वयंपाकघरात हातवारे करत बसायच्या, भांडायच्या, हसायच्या. मावशीचं मनगट नुसतं इकडून तिकडे फिरलं की आईला कळायचं, ती खिडकी लाव म्हणतेय. आम्हाला दोघांनाही कळायचं. त्या गोड मुलीला कळलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

त्या ‘एवढाच’वर ताई अडकली. ती मला म्हणाली, “भोंग्या, मावशीचं काय हरवलंय ते कोणी तपासलंच नाही रे. आठवण गेली की बोटं गेली?”

असा प्रश्न माझ्या डोक्यात आला असता तर मी दोन दिवस हळहळलो असतो आणि कामाला लागलो असतो. ताईनं त्यात पाच-सहा वर्षं घातली.

तिची गाइड वयानं तिच्याहून लहान होती. आम्ही घरात तिला ‘बाई’च म्हणायचो, कारण ताई तशी म्हणायची. बाई स्वभावानं कडक. ताईनं पहिल्यांदा मावशीची हकीकत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या की हकीकत चांगली आहे, पण हकीकतीला कोणी पीएचडी देत नाही. मग ताई बहिऱ्यांच्या क्लबात जायला लागली. एका दुकानावरच्या माडीवर तो क्लब भरतो. म्हातारी माणसं पत्ते खेळतात, एकमेकांच्या तब्येतीच्या चौकशा करतात आणि राजकारणावरून इतकी कडाडून भांडतात की टेबलं हलतात, पण जिन्यात उभं राहिलं तर आत कोणी आहे असं वाटणार नाही. ताईनं त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून त्यांच्या आयुष्यातल्या गोष्टी सांगायला लावल्या. मग त्या फिती तरुण बहिऱ्या मुलांना दाखवल्या. मुलांना निम्म्याहून कमी कळलं. त्याच फिती तिनं दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्या बहिऱ्यांना दाखवल्या. त्यांनी या लोकांना कधी पाहिलेलंही नव्हतं, तरी त्यांना जवळजवळ सगळं कळलं. कारण त्यांची स्वतःची बोटंही तशीच आखडलेली. पाच बोटांची खूण दोन बोटांत कशी बसवायची, हाताची खूण मनगटावर कशी ढकलायची, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. दुखणाऱ्या हातानं आपली वाट काढली होती, आणि आश्चर्य म्हणजे ती सगळ्यांची एकच होती.

बाई म्हणाल्या, छान आहे, पण यातून बोटांमुळेच असं होतं हे कुठे सिद्ध होतं? वयामुळेही होत असेल. ताई घरी येऊन त्याच फिती पुन्हा पुन्हा लावून बघत बसली. तिला काय झालंय हे आईनं विचारलं, तेव्हा ताईनं सगळं समजावून सांगितलं. आई शिवणकाम करणारी. आयुष्यभर लोकांचे ब्लाउज आणि शर्ट शिवले तिनं. तिनं ताईला विचारलं की तरुण मुलांचे हात आखडून दिले तर चालतील का.

मग आमच्या घरात हातमोज्यांचा कारखाना सुरू झाला. आईनं हातमोज्यांच्या आतून बकरमचं जाड कापड आणि कॉलरच्या कडक पट्ट्या शिवल्या, कुठे अंगठा उघडू नये म्हणून, कुठे करंगळी सरळ होऊ नये म्हणून. मोजमापाला मावशीचा हात. मावशी त्या काळात फार ऐटीत होती, कारण तिच्या बोटांचे कपडे शिवले जात होते. ते मोजे घालून विशी-बाविशीची धडधाकट मुलं गप्पा मारायला बसली, आणि सकाळ संपायच्या आत तीही म्हाताऱ्यांसारखीच खुणा आखडून बोलायला लागली. त्याच वाटा, तीच मनगटं. ताईनं मग दवाखान्यातली ती स्मरणशक्तीची चाचणी त्यांच्यावर घेतली. तसेच नवखे तरुण दुभाषी, तीच चित्रं. मोजे घातलेल्या त्या मुलांपैकी बहुतेकांना कागदावर स्मृतिभ्रंश झाला.

मोजे काढल्यावर बरा झाला, हे वेगळं सांगायला नको.

एवढं झाल्यावर बाईंनी पहिल्यांदा ताईसाठी स्वतः चहा केला. आणि ताईचा पेपर एका आंतरराष्ट्रीय परिषदेला पाठवायचं त्यांनीच ठरवलं. हातांच्या भाषांवर काम करणारे जगभरातले लोक तिथे येतात. ती दर वेळी वेगळ्या देशात भरते, आणि त्या वर्षी नेमकी आमच्याच शहरात भरणार होती. पेपर निवडला गेला, तोही मोठ्या सभागृहात. ताईनं ती बातमी आईला सांगितली, तेव्हा आईनं हातातली कात्री खाली ठेवली आणि ताईला आरशासमोर उभं करून तिच्या खांद्यांचं माप घ्यायला सुरुवात केली. आमच्या आईचं अभिनंदन असंच असतं.

पेच पडला तो पुढे. परिषदेत भाषणं इंग्रजीत, आणि त्यांचं हातांच्या आंतरराष्ट्रीय खुणांमध्ये भाषांतर करणारे दुभाषी मंचावर. पण आमच्या क्लबातल्या लोकांना ना इंग्रजी, ना त्या आंतरराष्ट्रीय खुणा. पडद्यावर त्यांचेच चेहरे दिसणार, त्यांच्याच हातांबद्दल बोललं जाणार, आणि कळणार नाही ते फक्त त्यांना. ताई म्हणाली की मी हातांनी बोलणार, आपल्या घरच्या भाषेत. त्याचं इंग्रजी कोणीतरी माईकवर सांगेल, आणि तिथून पुढे त्यांचे दुभाषी बघून घेतील.

बाईंना ते पटेना. त्यांनी तिला घरी येऊन समजावलं. वेळ थोडा, विषय नाजूक, आणि ज्यांच्यापर्यंत हे पोचायला हवं ते तुझं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार. त्यात ती चाचणी ज्यांनी तयार केली ते डॉक्टरही येणार आहेत, पहिल्या रांगेत बसतील. तुला उत्तम इंग्रजी येतं, मग असं का करायचं?

ताई म्हणाली, “बाई, मी लहानपणापासून या लोकांच्या वतीनं बोलत आलेय, त्यांच्याकडे पाठ करून. या वेळी मला त्यांच्याकडे तोंड करून बोलायचंय.”

 बाईंनी विचारलं की मग माईकवर कोण बोलणार. ताईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

मी म्हणालो की मला इंग्रजी येतं ते विमानं उशिरा येण्यापुरतं. त्यावर ताई म्हणाली की उशिरा येणारी माणसंच तर ऐकायला बसणार आहेत. शिवाय तिची खूण माझ्याइतकी कोणाला कळणार होती? मी बोलायच्या आधी तिचे हात वाचायला शिकलोय.

सराव आमच्या दिवाणखान्यात झाला. ताई एका टोकाला उभी, मी दुसऱ्या टोकाला कागद हातात धरून, आणि परीक्षक म्हणून आई आणि मावशी सोफ्यावर. मला वाटलं होतं, ज्यांना माझा आवाजच ऐकू येत नाही त्या काय चुका काढणार. पण आई माझ्या तोंडाकडे आणि ताईच्या हातांकडे आळीपाळीनं बघत होती. पहिली खेप झाल्यावर तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “तू तिच्या मागे धावतोयस. धावू नकोस. तिच्याबरोबर चाल.” मावशीचं म्हणणं वेगळंच होतं. माझा चेहरा फार सरळ असतो, बातमी वाईट असो की चांगली. मी तिला सांगितलं की विमानतळावर आम्हाला तसाच ठेवायला शिकवतात. ती म्हणाली, तिथे ठेव, इथे नको.

परिषदेच्या दिवशी सकाळीच घोळ झाला. क्लबातली मंडळी ठेवणीतले कपडे घालून दारात हजर, आणि दारावरची मुलं त्यांना आत सोडेनात. गळ्यात बिल्ला नाही तर प्रवेश नाही. पोरांचा दोष नव्हता, त्यांना जे सांगितलं होतं ते ती करत होती. मी समजावायला गेलो तर मलाच बिल्ला विचारला, आणि तो मी कोटाच्या नादात घरी विसरलेला. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी आयोजकांच्या प्रमुखाला बाजूला घेतलं आणि अगदी शांतपणे सांगितलं की हे पाहुणे नाहीत, हा माझ्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा पुरावा आहे, आणि पुरावा बाहेर ठेवून पेपर वाचायची पद्धत आमच्या विद्यापीठात नाही. प्रमुख हसले. मंडळी आत गेली. लांबचं चालणं नको म्हणून मावशीला चाकाच्या खुर्चीतून मी आत नेलं. तिनं दारावरच्या मुलांकडे असा कटाक्ष टाकला की ती उठून उभी राहिली.

सभागृह चढत्या पायऱ्यांचं होतं. आई आणि मावशी पहिल्या रांगेच्या एका टोकाला, त्यांच्यामागे क्लब. मधोमध ते डॉक्टर, पांढरी दाढी, मांडीवर वही. त्यांच्या शेजारी एक उंच, पांढऱ्या केसांची परदेशी प्राध्यापिका बसली होती. ती स्वतः बहिरी होती आणि या विषयात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी मंचाच्या कडेला माईकपाशी बसलो.  विमानतळावर मला माणसं दिसत नाहीत, काचेच्या खोलीत बसून बोलायचं असतं. इथे सगळे डोळे समोर.

ताई मंचावर आली. आईनं शिवलेला गडद रंगाचा साधा ड्रेस, हात नीट उठून दिसावेत म्हणून. तिनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मग क्लबाकडे पाहिलं आणि सुरुवात केली.

ताईचे हात मी जन्मापासून बघतोय. खाणाखुणांनी तिनं मला अभ्यासाला बसवलं, रागावली, बाबा गेल्याचं सांगितलं. पण त्या दिवशी तिच्या हातांना जी लय होती ती मी कधी पाहिली नव्हती. घाई नाही, संकोच नाही. मी तिच्याबरोबर चालत राहिलो. काही वाक्यांनंतर माझाच आवाज मला अनोळखी वाटायला लागला, कारण त्यात माझं काही नव्हतं, सगळं तिचं होतं.

तिनं आधी मावशीची फीत दाखवली, नुसती. पडद्यावर मावशी घाईघाईनं काहीतरी सांगतेय. मग दवाखान्याच्या पद्धतीनं एका तरुण दुभाष्यानं लावलेला त्याचा अर्थ दाखवला: ‘कागद. पाय. माणूस. तोंड. कागद.’ आणि त्याखाली शेरा, सलग वाक्य जमत नाही. सभागृहात काही जणांनी माना हलवल्या. असे शेरे त्यांनी पाहिले असणार.

मग ताईनं तीच फीत पुन्हा लावली, आणि या वेळी मावशी जे म्हणत होती ते ती स्वतः हातांनी, पूर्ण बोटांनी, सांगत गेली. मी ते माईकवर सांगितलं. मावशी म्हणत होती: “मशीन नीट चालत असेल तर धडधड टाचांना लागते. कागद अडकणार असेल तर पायाच्या बोटांना लागते. मला आधीच कळायचं, मी मशीन थांबवायचे. मग फोरमन यायचा आणि माझ्यावर ओरडायचा. मला कुठे ऐकू येतंय? तो बिचारा ओरडून ओरडून दमायचा, तोवर मी कागद सरळ करून मशीन सुरू केलेलं असायचं.”

सभागृह हसलं. अगदी मनापासून, मागच्या रांगेपर्यंत. मावशीनं खुर्ची किंचित वळवून मागे पाहिलं. एवढी परकी माणसं, आणि सगळी तिच्या विनोदावर हसताहेत. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पाहिलं, आणि त्याच क्षणी ताईच्या हातांनी पुढचं वाक्य टाकलं: या बाई काहीही विसरलेल्या नाहीत.

ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर येईना.  आयुष्यभर ज्याच्या गळ्याची तक्रार झाली त्याचा गळा नेमका तिथे दगा देऊन बसला. सभागृह शांत, माईकमधून माझा श्वास तेवढा ऐकू येत होता. ताईला ऐकू येतं. ती ते वाक्य स्वतः तोंडानं म्हणू शकत होती, माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत. ती म्हणाली नाही. तिनं माझ्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा हातांनी सांगितलं, सावकाश, लहानपणी मला सांगायची तसं, आणि थांबली.

मी म्हणालो, “या बाई काहीही विसरलेल्या नाहीत. त्यांची बोटं आखडली आहेत.”

पुढे मी कुठे अडखळलो नाही. दुसऱ्या गावचे म्हातारे आले, हातमोजे आले. मोज्यांचा फोटो आला तेव्हा ताईनं सांगितलं की हे माझ्या आईनं शिवले आहेत, आणि पहिल्या रांगेकडे हात केला. आईनं उभं राहून सगळ्यांना असा सावकाश नमस्कार केला, जणू तिला याची रोजचीच सवय आहे. वेळ संपायची घंटा वाजायच्या आत ताईचं बोलणं पूर्ण झालं.

प्रश्न विचारायला पहिले उठले ते दाढीवाले डॉक्टर. ते माझ्याकडे बघून बोलायला लागले. असं होतंच, लोक आवाजाकडे बघतात. मी ताईकडे बोट दाखवलं, तेव्हा ते ओशाळून तिच्याकडे वळले. त्यांचा प्रश्न मात्र मुद्द्याचा होता. ते म्हणाले की काम मोलाचं आहे, पण मला एक काळजी वाटते. उद्या सगळे म्हणतील की म्हाताऱ्या बहिऱ्या माणसांची फक्त बोटं आखडलेली असतात, आणि ज्यांची आठवण खरोखर जातेय ते उपचारावाचून राहतील. तुमच्या फितींमध्ये तसं कोणी असेल तर तुम्ही ते ओळखणार कसं?

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरलेला मला दिसला. हा प्रश्न आमच्या सरावात नव्हता.

 ताईचे हात उठले आणि मी बोलत गेलो. तिनं सांगितलं की तुमची काळजी बरोबर आहे. माझ्या फितींमधल्या दोघांना खरोखरच विस्मरण आहे, आणि प्रबंधात मी त्यांना वेगळं काढलंय. ते कसं, तर एकच गोष्ट माणसाला वेगवेगळ्या दिवशी सांगायला लावून. मग तिनं जे वाक्य केलं ते मी जसंच्या तसं सांगितलं: “आखडलेला हात दर वेळी त्याच जागी आखडतो. विसरणारं माणूस दर वेळी वेगळ्या जागी अडखळतं.”

डॉक्टर उभेच राहिले. त्यांनी वहीत काही लिहिलं, मग पेन बंद केलं. “माझ्या चाचणीत आम्ही एकदाच विचारतो,” ते म्हणाले. “म्हणजे हा फरक दिसायला जागाच ठेवलेली नाही. ती ठेवायला हवी होती.” एवढं सांगून ते खाली बसले. इतक्या लोकांसमोर, स्वतःच्या आयुष्यभराच्या कामाबद्दल हे म्हणायला छाती लागते. मला ते त्या दिवसापासून आवडतात.

पुढचे प्रश्न साधे होते. शेवटी अध्यक्षांनी आभार मानले, आणि क्लबातल्या मंडळींनी दोन्ही हात वर करून हलवले. आमच्याकडे टाळ्या तशाच वाजतात. कोणाचे हात खांद्याच्या वर जात नव्हते, कोणाची बोटं उघडत नव्हती, पण हलत होती. त्या परदेशी प्राध्यापिकेनं मागे वळून पाहिलं आणि तीही उभी राहिली. मग एकेक करत सगळं सभागृह हात वर करून उभं राहिलं. मी सवयीनं टाळ्या वाजवायला लागलो होतो. आईनं डोळे वटारले, तेव्हा मीही हात वर केले.

चहाच्या वेळी डॉक्टर मावशीच्या खुर्चीपाशी आले. त्यांनी ताईला मध्ये घेऊन विचारलं की तुमची ही फीत मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवली तर चालेल का. मावशीनं जरा भाव खाल्ला. मग म्हणाली, “चालेल. पण त्या दिवशी माझे केस नीट विंचरलेले नव्हते. त्याला म्हणावं, पुन्हा काढ.”

ते पुन्हा काढायला खरंच आले, थोड्या दिवसांनी, आमच्या घरी. एकदा आले, मग आठवड्यानं पुन्हा आले आणि तीच गोष्ट पुन्हा विचारली. मावशीनं फोरमनची गोष्ट दोन्ही वेळा तशीच सांगितली, त्याच जागी मनगट वळवून. वरून त्यांनाच ऐकवलं की मागच्या वेळी तुम्ही पायात तपकिरी मोजे घातले होते, एक फाटका होता. डॉक्टरांनी दवाखान्याला कळवून जुनं निदान स्वतःच्या सहीनं रद्द केलं. चाचणी बदलायचं काम त्यांनी ताईला बरोबर घेऊन सुरू केलं, ते अजून चालू आहे. ताईला पदवी मिळाली तेव्हा विद्यापीठात मोठा समारंभ झाला, फोटो निघाले, पण आमच्या घरात तिचा खरा समारंभ परिषदेच्या दिवशीच होऊन गेला होता, असं आई म्हणते.

मावशी तिच्या दोन खोल्यांत परत गेली. सामान मी आणि ताईनं वाहिलं. आई खोलीत जमिनीवर बसून देखरेख करत होती. सगळं लागल्यावर मावशीनं खोल्यांमधून एक चक्कर मारली, काठी टेकत. भिंतींना हात लावून पाहिला, नळ सोडून बंद केला, पलंग खिडकीच्या आणखी जवळ सरकवायला लावला. मग दाराशी येऊन आम्हा तिघांना म्हणाली की आता निघा, तुम्ही गेल्याशिवाय मला घरी आल्यासारखं वाटायचं नाही.

आम्ही जिना उतरायला लागलो. ताई मधल्या वळणावर थांबली आणि तिनं वर पाहिलं. दार लागलं होतं, आणि आतून मावशीनं स्वतःच्या हातानं कडी घातल्याचा आवाज आम्हा दोघांना ऐकू आला. ताईनं ते आईला हातांनी सांगितलं. आई मान हलवून म्हणाली की लावणारच, ती आधीपासून तशीच आहे, आणि आमच्या पुढे होऊन भराभर पायऱ्या उतरायला लागली.